अझुकीसाठी स्थळ बघताना

माझ्या आईने शेवटपर्यंत सगळ्यांना हेच सांगितलं, की आमची आशा जपानात मुंगसं सांभाळते. फोनवर किती वेळा समजावलं, की आई, मुंगूस नव्हे, फेरेट. त्यावर ती म्हणायची, असेल बाई, पण तोंड बघितलं की दिवस चांगला जातो ना, मग झालं तर. लहानपणी पुण्याबाहेरच्या माळावर मुंगूस दिसलं की आम्ही पोरं ‘मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ’ म्हणत मागे धावायचो, आणि ते काही केल्या दाखवायचं नाही. जपानात सेंदाई शहराबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी मी काम करायचे त्या शेडमध्ये मात्र रोज सकाळी चाळीसेक तोंडं आपणहून जाळीला लागलेली असत. शपथ घालायची गरज नव्हती, उकडलेली कोंबडी पुरे होती.

फेरेट म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर वाचणारे आईसारखेच मुंगसात अडकतील. लांबोडकं अंग, आखूड पाय, उंदरासारखं नाक आणि चोरासारखी बुद्धी. मूळ युरोपातलं, पण माणसाजवळ राहून राहून माणसाळलेलं. दिवसातला बराचसा वेळ मेल्यासारखं झोपतं आणि उरलेल्या वेळात घर डोक्यावर घेतं. नव्वदच्या दशकात जपानात याचं एकदम खूळ आलं. छोट्या फ्लॅटमध्ये कुत्रा चालत नाही, मांजराला घरमालक नाही म्हणतो, मग लोकांना हे सापडलं. बहुतेक जनावरं परदेशातून, तिथल्या मोठ्या फार्मांवरून यायची. इथल्या इथे, घरच्यासारखी पैदास करणारे फार थोडे. त्यातल्या एका बाईंकडे मी कामाला होते, आणि तिथेच मला अझुकी भेटली.

अझुकी म्हणजे आपली लाल चवळी, तिच्या रंगाची म्हणून अझुकी. ही मादी मला माझ्या घरी हवी होती. मी या धंद्यात असताना इतकं मनापासून दुसरं काही मागितलं नाही. आणि ती मिळवायला मला जी परीक्षा द्यावी लागली, ती मीच इतकी वर्षं दुसऱ्यांची घेत आले होते.

नोकरी कशी मिळाली, तर कचऱ्यामुळे. माझा नवरा केन्जी पुण्याच्या एका कारखान्यात दोन वर्षं होता, तेव्हा आमचं जमलं. लग्न करून मी सेंदाईला त्याच्या वडिलांच्या जुन्या घरात आले. मुलगी मीरा शाळेत जायला लागली होती आणि मला भाषा जेमतेम येत होती, पण तोंड पुण्याचं होतं. आमच्या गल्लीची बैठक भरली होती. कुणीतरी काचेच्या बाटल्या चुकीच्या दिवशी टाकतं, यावर तासभर चर्चा चालली, की सर्वांनी काळजी घ्यावी, आपण सारे मिळून प्रयत्न करू, वगैरे. मी उभी राहिले आणि विचारलं, टाकतं कोण ते? सगळं दालन गार पडलं. टाकत होत्या अध्यक्षांच्या पत्नी, आणि हे माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं. घरी आल्यावर केन्जीने शरमेपोटी दोनदा आंघोळ केली.

दुसऱ्या दिवशी दारात ओनोदेरा-सान, सान म्हणजे आपलं बाई किंवा राव. साठी उलटलेल्या, विधवा, केस घट्ट बांधलेले, हातात लोणच्याची बरणी. त्या म्हणाल्या, आमच्याकडे आरुबाइतोला याल का? आरुबाइतो म्हणजे अर्धवेळचं काम. मला वाटलं, या बाईला काल बैठकीत काही ऐकूच आलं नसावं. तर नेमकं तेच ऐकून त्या आल्या होत्या.

ओनोदेरा-सान पूर्वी लग्नं जुळवायच्या. आपल्याकडे वधूवर सूचक मंडळाच्या बायका असतात ना, तशा, पण पद्धत फार नाजूक. दोन्हीकडच्यांना न दुखावता सगळं काढून घ्यायचं. पुढे पोरं आपापली जमवायला लागली, तो व्यवसाय बसला. मग नवऱ्याच्या मागे रिकाम्या पडलेल्या, रेशमाच्या किड्यांच्या शेडमध्ये त्यांनी फेरेट आणले. पैदाशीतही त्यांनी तेच केलं, जे आधी करायच्या. कुणाला कुणाशी जुळवायचं, आणि पिल्लू कुठल्या घरी द्यायचं.

मला हे समजायला एक मिनिट लागलं नाही. मी आमच्या शनिवार पेठेतल्या मावशांमध्ये वाढलेली. नर आणि मादी एकाच कुळातले नकोत, हे त्या समजावून सांगायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, कळलं, सगोत्र नको. डोक्यावर पांढरा पट्टा असलेली पिल्लं दिसायला देखणी, दुकानदार त्यांच्यावर जीव टाकतात, पण त्यात बहिरी फार निघतात, म्हणून त्यांची पैदास नको. म्हटलं, हेही कळलं, नुसतं रूप बघून लग्न करू नये. मादीला वर्षातून एकदाच पिल्लं, तीही थोडीच वर्षं, मग ऑपरेशन करून निवृत्ती. हे मात्र आमच्या मावशांनी ऐकायला हवं होतं.

फेरेटचा सगळा कारभार उन्हावर चालतो. दिवस मोठा व्हायला लागला की माजावर येतात. मोठे फार्मवाले दिवे लावून त्यांना फसवतात, म्हणजे थंडीतही पिल्लं. ओनोदेरा-सानच्या शेडला दिवे बेताचेच होते. आणि एक गोष्ट बाहेरच्यांना खरी वाटत नाही. मादी माजावर आली आणि तिला नर मिळाला नाही, तर तिचा माज आपोआप उतरत नाही. आठवडेच्या आठवडे तशीच राहते, अंगातलं रक्त कमी होत जातं आणि ती जीव सोडते. म्हणून पाळायला दिलेल्या प्रत्येक पिल्लाचं वेळेवर ऑपरेशन करायचं वचन आम्ही घ्यायचो. ते वचन न देणाऱ्याला दारातूनच नमस्कार.

आणि मीलन म्हणाल तर ती शुद्ध मारामारी. नर मादीला मानेला धरून फरफटवतो, ती किंचाळते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी केरसुणी घेऊन आत घुसले. ओनोदेरा-सानने मला हळूच दंडाला धरून बाहेर काढलं आणि म्हणाल्या, लग्न आहे ते, आपण चहा घेऊ. त्या दिवसांत नराच्या अंगाला जो वास येतो, त्याला माझ्याकडे शब्द नाही. मी घरी परतताना बसमध्ये बसले की लोक एकेक करून अगदी अदबीने मागे सरकायचे, आणि पुढच्या चार सीटवर मी एकटी महाराणी. केन्जी बिचारा म्हणायचा, आज वारा छान आहे, कोट जरा बाहेर टांगूया का. वारा रोज छान असायचा.

आता मुद्द्याचं. पिल्लू द्यायच्या आधी आम्ही त्या माणसाचं घर बघायला जायचो. पिल्लू दोन महिने आईपाशी, तोवर आमच्या वाऱ्या. ओनोदेरा-सान मिठाईचा डबा घेऊन, व्यवस्थित गुडघे मोडून बसायच्या आणि काहीच विचारायच्या नाहीत. विचारणं हे अशिष्टपणाचं. विचारायला मी होते. परदेशी बाई आहे, तिला सगळं माफ, हे त्यांनी बैठकीत हेरलं होतं. मी आपली सुटायचे. दिवसभर घरी कोण असतं? रबरी चपला, खोडरबर जमिनीवर पडलेलं असतं का? कारण हे जनावर रबर खातं आणि आतडं अडकून मरतं. घरात सर्दी झाली तर याला हातात घेऊ नका, माणसाचा फ्लू याला होतो, जमेल का? नवराबायकोत पटतं का? शेवटचा प्रश्न माझा स्वतःचा होता. ओनोदेरा-सान तो ऐकताना चहाच्या कपात बघत राहायच्या, पण त्याचं उत्तर मात्र कान देऊन ऐकायच्या.

आणि सगळ्यात शेवटी नेहमीचा प्रश्न, पुढची सात-आठ वर्षं इथेच आहात का? फेरेट तेवढं जगतो. काही कारणाने नाही जमलं तर जनावर आम्हालाच परत द्यायचं, कधीही, कितीही म्हातारं झालेलं असो. पण परत येणारं जनावर सुकून जातं, म्हणून आधीच बघून द्यायचं.

स्थळ नापसंत असेल तर ओनोदेरा-सान तसं म्हणायच्या नाहीत. त्या खिडकीकडे बघून म्हणायच्या, इथून बाहेरचं दृश्य फार सुरेख दिसतं हो. झालं. यजमान समजायचे, वाकून आभार मानायचे, आम्हीही वाकायचो आणि बाहेर पडायचो. दहा वर्षांत कुणालाही खुलासा करावा लागला नाही, एक सबनीस सोडले तर.

सबनीस म्हणजे पुण्याचा इंजिनियर, टोकियोत बँकेच्या संगणकाच्या कंत्राटावर, बिऱ्हाड तिथल्याच एदोगावा भागात. तेव्हा एदोगावात आपली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. मुलाला फेरेट हवा म्हणून त्याने फोन केला आणि मी मराठी बोलते म्हटल्यावर तो इतका खूश झाला, की आम्ही दोघी शिनकानसेन या वेगवान गाडीने टोकियोला पोचेपर्यंत त्याच्या बायकोने कांदेपोहे केले होते. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. मला हसू आवरेना. ओनोदेरा-सानने विचारलं, हा काय पदार्थ? मी सांगितलं, आमच्याकडे स्थळ बघायला गेलं की हेच देतात. त्यांनी गंभीरपणे मान हलवून दोन बश्या पोहे खाल्ले.

सबनीस सकाळच्या पहिल्या गाडीने जायचा, शेवटच्या गाडीने यायचा. बायको दमली होती. कंत्राट दोन वर्षांचं, पुढे पुणं किंवा सिंगापूर, अजून ठरायचं होतं. माणसं फार गोड, पण जनावर देण्यासारखं घर नव्हे. ओनोदेरा-सान खिडकीकडे वळल्या. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची राखाडी भिंत होती आणि तिच्यावर एक गॅसचा मीटर. त्यांनी थोडा वेळ तो मीटर न्याहाळला आणि म्हणाल्या, दृश्य फार सुरेख आहे. सबनीस बायकोला मराठीत म्हणाला, बघ, घर आवडलं त्यांना.

महिनाभर तो फोन करत होता. पिंजरा घेतला, झोपायला झोळणा शिवला, मुलाने नावसुद्धा ठरवलं, बाजीराव. शेवटी मलाच सांगावं लागलं, की अहो, त्या नाही म्हणाल्या. कधी, म्हणाला. मी म्हटलं, तो मीटर बघितला तेव्हा. तो म्हणाला, “मग नाही म्हणायचं होतं ना, आशाताई. मी ऐकून घेतलं असतं.” मला ते फार लागलं, ते ‘ऐकून घेतलं असतं’. तेव्हापासून मी ठरवलं, की नाही म्हणायचं काम माझं. खिडकी त्यांची, तोंड माझं.

अझुकीबद्दल सांगायचं म्हणजे ती चोर होती. सगळेच असतात, पण हिची हौस मोठी. आवडत्या वस्तू मोज्यातून, पिशवीतून काढून ती शेडच्या फळीखाली नेऊन ठेवायची आणि त्यांच्यावर झोपायची. एकदा एका मोठ्या प्राण्यांच्या दुकानाचे मालक आले. त्यांना पांढऱ्या पट्ट्याची पिल्लं हवी होती आणि दोन महिने थांबायचं नव्हतं, दूध पितं पिल्लू हातात घेतलं की गिऱ्हाईक विरघळतं म्हणे. ओनोदेरा-सान त्यांना खिडकी दाखवत होत्या आणि मी सरळ नकार देत होते, तोवर अझुकी दाराशी जाऊन त्यांचा उजवा बूट घेऊन पसार झाली. ते गृहस्थ बाहेर आले, बघितलं, एक बूट आहे, एक नाही. त्यांनी बाजूला पडलेला आमचा एक गमबूट उजव्या पायात घातला, डाव्यात आपला चामडी, वाकून नमस्कार केला आणि त्या थाटात गाडीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी फळीखाली बूट सापडला. ओनोदेरा-सानने तो पॉलिश करून, कापडात बांधून, मिठाईसह परत पाठवला. गमबूट धुऊन परत आला, त्याच्याबरोबर त्यांची मिठाई. त्या बूटप्रकरणावर दोघंही कधी एक अक्षर बोलले नाहीत.

मी मात्र अझुकीच्या प्रेमात पडले होते. ती माझ्या एप्रनच्या खिशात झोपायची. तिला पहिल्यांदा पिल्लं झाली. अशा वेळी जवळ जायची सोय नसते, बिथरलेली आई पिल्लं खाते. ती मात्र एक पिल्लू तोंडात धरून आली, माझ्या पायावर ठेवलं, आणि पायमोज्याला धरून मला घरट्याकडे ओढायला लागली, की ये, बाकीचीही सांभाळ. मी तिथेच फतकल मारून रडले. ओनोदेरा-सान दुरून बघत होत्या, त्यांनी मान वळवली.

वयाच्या चौथ्या वर्षी अझुकीची पिल्लं घरोघरी गेली, तिचं ऑपरेशन झालं, निवृत्त होऊन जायची वेळ आली. निवृत्त माद्याही आम्ही चांगली घरं बघून द्यायचो. मी ओनोदेरा-सानना म्हटलं, अझुकी मला द्या. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, “मग भेटीला कधी येऊ?”

मला हसू आलं. म्हटलं, ठीक आहे, रीत ती रीत. घरी येऊन मी मीराला सांगितलं, तिने घरभर उड्या मारल्या. केन्जीने स्वयंपाकघरातली सगळी भोकं जाळीने बंद केली. रबरी चपला माळ्यावर गेल्या. मी एवढी निश्चिंत होते की खास त्या दिवसासाठी कांदेपोहे केले, स्वतःच्याच घरी, स्वतःच्याच कौतुकाला.

ओनोदेरा-सान आल्या. चांगला किमोनो, मिठाईचा डबा, सगळं यथासांग. बसल्या आणि गप्प. चहा झाला, पोहे झाले, तरी गप्प. मग म्हणाल्या, “आशा-सान, विचारा ना. नेहमीसारखं.”

मी म्हटलं, मी? माझ्याच घरी?

दुसरं कोण विचारणार, म्हणाल्या.

आपलेच दात, आपलेच ओठ. मी नवऱ्यासमोर आणि मुलीसमोर बसले आणि सुरू केलं. दिवसभर घरी कोण असतं? मीराने जपानीत खरं ते सांगितलं, की कुणी नाही, आई फेरेटांकडे असते. सर्दी? केन्जीने कबूल केलं, की त्याला थंडीभर असते. खोडरबर? मीराच्या खिशातून दोन निघाले. नवराबायकोत पटतं का, हा प्रश्न मी गाळणार होते, पण ओनोदेरा-सान कपात बघायला लागल्या होत्या, म्हणून विचारला. केन्जी म्हणाला, वास सोडला तर पटतं. त्या पहिल्यांदा हसल्या. मला वाटलं, सुटलो.

मग मी शेवटचा प्रश्न विचारला. पुढची सात-आठ वर्षं इथेच आहात का?

केन्जीने श्वास आत ओढला. दातांतून, असा सुस्कारा उलटा. जपानात हा आवाज मी अनेक घरांत ऐकला होता आणि ‘जमणं कठीण आहे’ हा त्याचा अर्थ मला कुणी शिकवायला नको होता. 

झालं होतं असं. इथे बदलीची बातमी कागद हातात येईपर्यंत कुणाला सांगायची नसते, बायकोलाही नाही. केन्जीने तीन वर्षांसाठी पुण्याच्या कारखान्यावर जायचा अर्ज केला होता. माझे वडील गेल्यापासून आई एकटी होती, मी फोन ठेवला की स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायचे, ते त्याने बघितलं होतं. बदली जवळजवळ नक्की होती, कागद यायचा होता. तो मला तोवर सांगणार नव्हता. पण ओनोदेरा-सानसमोर, सरळ विचारलेल्या प्रश्नाला, त्याला खोटं बोलता येईना. त्याने चटईकडे बघत सगळं सांगून टाकलं.

माझी काय अवस्था झाली, ते लिहायला अजून जमत नाही. आईजवळ जायला मिळणार म्हणून छाती भरून आली, आणि त्याच क्षणी अझुकी हातातून गेली हेही कळलं. आनंद करावा की रडावं ते ठरेना. पुण्याच्या उन्हात फेरेट जगत नाही. मीराने माझ्याकडे बघितलं. ओनोदेरा-सानने सावकाश खिडकीकडे तोंड केलं. आमच्या खिडकीतून खरंच सुरेख दिसतं, डोंगर, अंगणातलं केशरी फळांचं पर्सिमनचं झाड, सगळं. त्या म्हणाल्या, “इथून...”

मी त्यांना बोलू दिलं नाही. “नाही,” मी म्हटलं. “हे घर नाही.” मीरा रडायला लागली. मी उरलेले पोहे झाकून ठेवले.

अझुकी ओनोदेरा-सानच्या घरी राहिली. मी म्हटलं, तुमचं घर बघावं लागेल. त्या म्हणाल्या, अर्थातच. आणि मी खरोखर गेले. त्यांना वय विचारलं, तुमच्यामागे कोण बघेल ते विचारलं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, मला काही झालं तर जनावर तुमच्याकडेच परत यायचं ना, नियम आहे. मी स्थळ पास केलं.

तीन वर्षं पुण्यात काढली. आईबरोबर राहिले, भांडले, तिचं दुखणं काढलं, ती माझ्या हातावर गेली. या एका गोष्टीसाठी मी केन्जीचे पाय धुवून पाणी प्यायला तयार आहे, तो पिऊ देणार नाही ही गोष्ट वेगळी. मीरा आजीला ‘मुंगसं नाहीत’ हे मराठीत समजावत होती, आणि आजी तिलाही, शुभ असतं गं, म्हणत होती.

परतलो तेव्हा मी सामान उघडायच्या आधी ओनोदेरा-सानकडे गेले. अझुकी सात वर्षांची झाली होती. तोंडावरचा रंग उडालेला, डोळ्यांत मोतीबिंदू, दिसत नव्हतं. भिंतीला अंग घासत ती स्वयंपाकघरापासून बैठकीपर्यंत जायची आणि परत. माझ्या पायाशी आली, वास घेतला आणि मोज्याला चावली. ओळखलं की सवयीने चावली, कोण सांगणार. मी ओनोदेरा-सानना म्हटलं, आता आम्ही कुठेच जाणार नाही, आता द्या.

त्या भेटीला आल्या. मी विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. त्यांनीच विचारलं. दिवसभर घरी कोण? सर्दी कुणाला? केन्जी-सान, यावेळी काही लपवलंय का? सगळं धडाधड, माझ्याच लकबीत. मी बघतच राहिले. त्या म्हणाल्या, तुम्ही तीन वर्षं नव्हता, मला विचारणारं कुणी नव्हतं, शिकावं लागलं.

आमची उत्तरं सगळी बरोबर होती. मीरासुद्धा आता मोठी झाली होती, तिने खिसे उलटे करून दाखवले. मग ओनोदेरा-सानने माझ्याकडे सरळ बघितलं.

“नाही,” त्या म्हणाल्या.

जपानात इतक्या वर्षांत मला कुणी असं तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, तिला दिसत नाही, माझ्या घराच्या भिंती तिला पाठ आहेत, तुमच्या घराच्या भिंती शिकायला आता तिला वेळ नाही. घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, तरी नाही. मला राग आला, असा राग आला की उठून आत गेले आणि भांडी आपटली. पण भांडी आपटता आपटता कळत होतं, की मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. सबनीस आठवला. मीही ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा कामाला लागले. शेडचं काम आटोपलं की ओनोदेरा-सानच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसायचे, आणि अझुकी भिंतीच्या कडेने येऊन माझ्या मांडीवर चढून झोपायची. मांडी तिला शिकावी लागली नाही. थंडी पडायला लागली तेव्हा एका दुपारी ती तशीच झोपेत गेली. ओनोदेरा-सानने चहा केला, आम्ही दोघी तो प्यायलो नाही. गार झालेला चहा ओतून देताना त्या म्हणाल्या, “आता घेऊन जा तिला, आशा-सान. आता तिला काही शोधावं लागणार नाही.”

आमच्या पर्सिमनच्या झाडाखाली खड्डा करायला केन्जीने फावडं काढलं. पण खणायच्या आधी ओनोदेरा-सान जागा बघायला आल्या, चांगला किमोनो घालून, मिठाईचा डबा घेऊन. अंगणात उभं राहून त्यांनी एकेक विचारलं. इथे पावसाचं पाणी साचतं का? मांजरं उकरतात का? पुढेमागे इथे गाडी लावायचा विचार आहे का? केन्जीने एकेकाचं उत्तर खरं दिलं. त्या झाडाभोवती एक फेरी मारून आल्या, पायाने माती दाबून बघितली आणि मला म्हणाल्या, “हो.”